सव्वासहाची भूक आणि आठचं जेवण: साडेतीन वर्षांच्या मुलीसोबतचा रात्रीचा स्वयंपाक

परिस्थिती

घरात चार जण: आई, बाबा, आजी आणि साडेतीन वर्षांची मुलगी. आई-बाबा सहाच्या सुमारास कामावरून घरी पोचतात. दिवसभर मुलीला आजी सांभाळतात, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक आई-बाबांनी आलटूनपालटून करायचा असं ठरलेलं आहे. हे कुठल्याही एका घराचं वर्णन नाही. लहान मूल असलेल्या घरांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या अडचणी एका घरात बसवून हे प्रकरण मांडलं आहे. मापं आणि वेळा मात्र जशाच्या तशा वापरता येतील.

संध्याकाळ अशी जायची. सव्वासहाला मुलगी ‘भूक लागली’ म्हणायची. स्वयंपाकाला अजून हातही लागलेला नसायचा, म्हणून आजी तिला पेलाभर दूध आणि तीन बिस्किटं द्यायच्या. पावणेसातला भाजी चिरायला घेतली की मुलगी ओट्यापाशी येऊन ‘मला पण, मला पण’ सुरू करायची. दहा मिनिटं समजूत काढण्यात जायची, मग तिच्या हातात फोन यायचा. एका शेगडीवर मोठ्यांचं तिखट, दुसरीवर तिचा वेगळा फिका भात. आठला पानं वाढायची. ती दोन घास खाऊन उठायची, मग ‘अजून एकच घास’चा फेरा साडेआठपर्यंत चालायचा. नवाला पुन्हा दूध, कारण उपाशी कशी झोपवायची?

घरातल्यांच्या मते दुखणं दोन ठिकाणी होतं: मुलगी खात नाही आणि स्वयंपाकाला वेळ पुरत नाही. त्यामुळे त्यांचा शोध सोप्या पाककृतींचा होता. पाककृती त्यांच्याकडे आधीच पुरेशा सोप्या होत्या. गोंधळ कामाच्या क्रमात होता.

नेमकं कुठे अडत होतं

आधी भुकेचा हिशेब पाहू. २०० मिली साय न काढलेलं दूध म्हणजे सुमारे १३० कॅलरी. तीन साधी बिस्किटं धरली की बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. या वयाच्या मुलाला दिवसभरात साधारण बाराशे-तेराशे कॅलरी लागतात. म्हणजे सव्वासहाला मुलीचं एक अख्खं जेवण उरकलेलंच असायचं, फक्त त्याला कुणी जेवण म्हणत नव्हतं. आठ वाजता तिला भूक नव्हती, ती खोटं बोलत नव्हती. नवाच्या दुधाने दुसरा धडा दिला: पानातलं नाही खाल्लं तरी काही बिघडत नाही, दूध येतंच. त्यातून दिवसाचं दूध पाऊण लिटरवर गेलेलं होतं. या वयात दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवलेलं बरं. दुधाने पोट भरतं पण त्यात लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे दुधावर वाढणाऱ्या मुलांत लोहाची कमतरता सहज होते.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन स्वयंपाक. चिरणं दोनदा, भांडी दुप्पट, दोन शेगड्यांकडे लक्ष. शिवाय मुलीचं ताट कायम वेगळं असल्यामुळे मोठ्यांच्या पानातलं अन्न तिच्या ओळखीचंच होत नव्हतं. दोन ते सहा या वयात नवं अन्न नाकारणं अगदी स्वाभाविक असतं. एखादा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो मनापासून चाखतं. जो पदार्थ तिच्यासमोर येतच नाही, त्याची मोजणी कधी सुरूच होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत रोचक, कारण घरातल्यांनी ती करून पाहिली होती आणि सोडून दिली होती. ‘मुलांना स्वयंपाकात सामील करून घ्या’ हा सल्ला त्यांनी ऐकला होता. त्याप्रमाणे मुलीला स्टुलावर उभं करून भांडं ढवळायला दिलं, तांदूळ धुवायला दिले, भाजी कढईत टाकायला दिली. तांदूळ मोरीत गेले, भाजी कढईबाहेर पडली, वाफेच्या चटक्याच्या भीतीने एक मोठा माणूस तिचे हात धरून उभा राहिला. तासाचा स्वयंपाक दीड तासाचा झाला आणि मुलीला ओरडा बसला तो वेगळाच. निष्कर्ष निघाला: ती अजून लहान आहे.

ती लहान होती हे खरंच, पण चूक कामाच्या निवडीत होती. तिला दिलेलं प्रत्येक काम असं होतं की ते झाल्याशिवाय जेवण पुढे सरकत नव्हतं. तांदूळ धुऊन झाले नाहीत तर भात चढणार नाही. अशा कामात मुलाच्या गतीला जागाच नसते. म्हणून या घरासाठी एकच नियम ठरवला: मुलीचं काम असं हवं की ते सांडलं, अर्धवट राहिलं किंवा तिने मध्येच सोडून दिलं, तरी जेवण ठरल्या वेळी पानात पडेल. ते काम एकतर ताटाच्या कडेच्या गोष्टीचं असेल, नाहीतर उद्याच्या जेवणाचं.

नवा क्रम

जेवणाची वेळ सातवर आणली. आठचं सात करणं अशक्य वाटतं खरं, पण एक भांडं कमी झालं आणि चिरणं संध्याकाळमधून बाहेर काढलं की तास आपोआप सुटतो. चिरण्याचं काम आदल्या रात्री मूल झोपल्यावर दहा-बारा मिनिटांत होतं: कांदा, लसूण, गाजर, दुधी भोपळा किंवा लाल भोपळा असं काहीही चिरून झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये. कांद्याचा डबा घट्ट झाकणाचा आणि वेगळा ठेवा, नाहीतर दुधाला वास लागतो. बटाटा मात्र आधी चिरून कोरडा ठेवू नका, काळा पडतो. पाण्यात बुडवून ठेवता येतो, पण त्यापेक्षा आदल्या रात्री सालासकट उकडून ठेवणं सोयीचं.

सव्वासहाला घरात पाय ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्यांनी साबणाने वीस सेकंद हात धुणं. मग मोठा माणूस शेगडीकडे आणि मुलगी तिच्या टेबलाकडे. भुकेचं काय? तिच्या टेबलावर एका वाटीत काकडीच्या उभ्या फोडी, वाफवलेल्या गाजराचे तुकडे, पिकलेल्या पेरूची किंवा केळ्याची फोड असं असतं. काम करता करता ती ते खाते. पोटभर खाल्लं तरी हरकत नाही, कारण भाजी आणि फळ पोटात गेलं. जेवण चाळीस मिनिटांवर असताना बिस्किटांऐवजी जेवणाचाच एक भाग आधी वाढला, एवढाच हा बदल.

आजींचा प्रश्न नाजूक होता. त्यांनी दिलेलं दूध मायेपोटी होतं, त्याला ‘चूक’ म्हटलं असतं तर दुसरंच काही बिघडलं असतं. दूध बंद केलं नाही, चार वाजता सरकवलं. दूध आणि एखादं बिस्कीट चारला, मग सातपर्यंत पाण्याशिवाय फक्त ती वाटी. खाणं आणि जेवण यांत दोन-अडीच तासांचं अंतर राहिलं की भूक वेळेवर लागते. वाटी भरून ठेवण्याचं काम आजींनीच मागून घेतलं.

मुलीची जागा

ओट्यापाशी स्टूल ही कल्पना दिसायला छान, पण गरम शेगडी शेजारी असताना घसरणाऱ्या स्टुलावर उभ्या असलेल्या मुलाकडे एका माणसाला पूर्ण लक्ष द्यावं लागतं, आणि या घरात संध्याकाळी तो माणूस शिल्लक नव्हता. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी बुटकं टेबल मांडलं. टेबल नसेल तर जमिनीवर चटई आणि तिच्यावर मोठी परात चालते. सांडलेलं परातीतच राहतं, हा त्यातला खरा फायदा.

शेगडीपासून एक मीटरवर जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावली. शेगडी पेटलेली असताना ती पट्टी मुलीने ओलांडायची नाही, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे मोठ्यांनी गरम भांडं घेऊन तिच्या बाजूला यायचं नाही. बहुतेक चटके पेटत्या शेगडीपेक्षा उकळतं पाणी, चहा, भाताची पेज अशा पातळ गोष्टींनी बसतात. साठ अंशाच्या पाण्यानेही लहान मुलाची कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते. भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला, उकळणारं भांडं मागच्या शेगडीवर, आणि मुलगी जागी असताना तळण नाही. भाजलंच तर लगेच वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही लावू नका. फोड आले, भाजलेला भाग तिच्या तळहातापेक्षा मोठा असला किंवा चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असला तर डॉक्टरांकडे न्या.

तिची कामं

साडेतीन वर्षांच्या मुलाचं लक्ष एका कामावर दहा-बारा मिनिटं टिकलं तरी पुष्कळ. त्यामुळे एका संध्याकाळी एकच काम. या घरात सगळ्यांत चांगलं जमलेलं काम म्हणजे पालेभाजी धुणं, आणि ते कसं द्यायचं हे तपशिलात सांगण्यासारखं आहे.

दोन पसरट भांडी घ्या. एकात तीन-चार लिटर गार पाणी, दुसरं रिकामं. पालकाची पानं देठापासून आधीच वेगळी केलेली असू द्या. मुलीने पानं पाण्यात बुडवायची, हाताने हलवायची आणि मग एकेक पान उचलून रिकाम्या भांड्यात ठेवायचं. इथे मोठी माणसंसुद्धा नेहमी चुकतात: पानं तशीच ठेवून पाणी ओतून देतात. माती तळाशी बसलेली असते, पाणी ओतताना ती पुन्हा पानांवर येते. म्हणून पान उचलायचं, भांडं कलंडायचं नाही. शेवटी तळाशी राहिलेली माती मुलीला दाखवायची. बोटाने ती माती गोळा करण्यात तिला पानांपेक्षा जास्त रस असतो. असू दे. मोठ्या माणसाने नंतर ती पानं नळाखाली एकदा धरायची. तिने सहाच पानं धुतली तर सहा पानं भातात जातील, उरलेली उद्या.

उकडलेलं अंडं सोलणं हे दुसरं काम. थोडं अवघड, पण तिला त्याचा फार अभिमान वाटतो. इथे तयारी मोठ्यांनी नीट केली तरच ते जमतं. अंडी गार पाण्यात घालून उकळू नका. पाणी आधी खळखळ उकळू द्या, मग चमच्याने अलगद सोडा आणि अकरा मिनिटं ठेवा. लगेच गार पाण्यात, निदान दहा मिनिटं. एकदम उकळत्या पाण्यात पडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पटकन घट्ट होतो आणि आतल्या पातळ पापुद्र्याला कमी चिकटतो. अगदी ताजी अंडी मात्र कशीही उकडली तरी नीट सुटत नाहीत, आठवडाभर जुनी घ्या. मुलीला अंडं टेबलावर सगळीकडून हलकेच आपटायला सांगा, मग बोथट टोकाकडून सुरुवात. तिथे हवेची पोकळी असते, त्यामुळे नखाला पकड मिळते. पाण्याच्या वाडग्यात धरून सोललं की कवचाचे बारीक तुकडे निघून जातात. अंड्याला खळगे पडतील. फोडी केल्यावर ते कुणाला दिसत नाहीत.

याशिवाय कोथिंबीर किंवा पुदिना तोडणं, उकडून गार केलेला बटाटा लगद्यासारखा दाबणं, मऊ केळं किंवा उकडलेलं बीट बोथट सुरीने कापणं, पानावर चमचे-वाट्या मांडणं. चमचे मांडणं बिनकामाचं वाटतं, पण कंटाळलेल्या दिवशी तेच उपयोगी पडतं.

काय देऊ नये हेही स्पष्ट हवं. भिजवलेलं कच्चं कडधान्य खेळायला देऊ नका. राजम्यासारख्या काही कडधान्यांत कच्चेपणी एक विषारी घटक असतो, मोजके दाणे खाल्ले तरी जोरदार उलट्या होतात. दहा मिनिटं खळखळ उकळल्यावर तो नाहीसा होतो. मटार सोलणं हे पारंपरिक मुलांचं काम, पण तीन-चार वर्षांची मुलं दाणे नाकात घालतात आणि दाणा आत अडकतो. समोर कुणी बसलेलं असेल तरच द्या. कच्चं अंडं फेटायला दिलं की बोट तोंडात जातंच, आणि कच्च्या पिठाचंही तसंच, त्यातही जंतू असू शकतात. मिरची अर्थातच नाही, पण मिरची चिरलेल्या मोठ्या हातांनीही तिचं तोंड पुसू नका. तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, हाताला तेल चोळून मग साबण लावावा लागतो.

भुकेसाठी टेबलावर ठेवलेल्या वाटीतल्या गोष्टीही या वयात जपून. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चिरून चार भाग, अख्खे दाणे आणि सुका मेवा पाच वर्षांपर्यंत नाही, कच्च्या गाजराच्या गोल चकत्या नाहीत. गोल, गुळगुळीत, कडक गोष्ट श्वासनलिकेत बरोबर बुचासारखी बसते. गाजर एकतर किसलेलं, नाहीतर वाफवून बोटांत दाबलं जाईल इतकं मऊ.

पहिलं जेवण: एका भांड्यातला भात

चौघांसाठी तांदूळ २५० ग्रॅम (सव्वा कप), लाल मसुरीची डाळ १५० ग्रॅम (पाऊण कप), पाणी १.३ लिटर, तेल किंवा लोणी २ मोठे चमचे, कांदा एक, लसूण तीन पाकळ्या, एक सेंटीमीटरच्या फोडी केलेलं गाजर आणि भोपळा मिळून ३०० ग्रॅम, मुलीने धुतलेला पालक जेवढा असेल तेवढा. भांडं जाड बुडाचं, निदान चार लिटरचं. डाळीला फेस येतो, लहान भांड्यात ते हमखास उतू जातं आणि शेगडी पुसण्यात वेळ जातो.

तेलात कांदा-लसूण मध्यम आचेवर पाच मिनिटं, नुसता पारदर्शक होऊ द्या. फोडी, धुतलेले डाळ-तांदूळ घालून एक मिनिट परता. दुसरीकडे उकळत ठेवलेलं पाणी ओता. गार पाणी घातलं तर उकळी यायलाच आठ मिनिटं जातात. उकळी आली की आच बारीक, झाकण किंचित तिरकं, अठरा ते वीस मिनिटं. आठव्या आणि चौदाव्या मिनिटाला तळापासून एकदा ढवळा. सतत ढवळलं तर तांदळाचा चिकटपणा पाण्यात उतरून खळ होते, अजिबात नाही ढवळलं तर डाळ बुडाला धरते. बुडाला धरलंच तर खरवडू नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, वास पसरत नाही. गॅस बंद करून पालक चिरून घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. वाफेने पालक शिजतो आणि तेवढ्यात भात खाण्याइतका निवतो.

टोमॅटो किंवा लिंबू घालायचं तर अगदी शेवटी. या घरात पहिल्याच आठवड्यात टोमॅटो सुरुवातीला पडला आणि तांदळाचा गाळ झाला तरी गाजर टणक राहिलं. आंबटामुळे भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारा घटक सुटत नाही, म्हणून भाजी आणि डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. लाल मसुरीत हा फरक थोडा, हरभऱ्याच्या डाळीत किंवा अख्ख्या कडधान्यात चांगलाच जाणवतो. प्रेशर कुकरमध्येही हा भात होतो, पाणी एक लिटर घ्या. फक्त शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिली शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर सहा-सात मिनिटं मोजा आणि वाफ आपोआप जिरू द्या. मुलगी घरात फिरत असताना कुकरची शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही.

आता मीठ आणि तिखट, ज्यांच्यामुळे आधी दोन स्वयंपाक व्हायचे. ब्रिटनच्या आरोग्य सेवेच्या शिफारशीप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. एवढ्या भातात नेहमीच्या सवयीने दीड छोटा चमचा, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम मीठ पडतं. मुलगी त्याचा आठवा भाग खाते असं धरलं तर एकाच जेवणात तिच्या पोटात एक ग्रॅमहून थोडं जास्त, म्हणजे दिवसाच्या निम्म्याहून अधिक मीठ जातं. भांड्यात अर्धा छोटा चमचा (३ ग्रॅम) घातलं की तिचा वाटा ग्रॅमच्या निम्म्याहून कमी. मोठ्यांनी पानात वरून मीठ घ्यायचं. तिखट सगळं वेगळ्या छोट्या कढल्यात: दोन चमचे तेल, जिरं, लसूण, लाल तिखट. ही फोडणी फक्त मोठ्यांच्या पानांवर ओतायची. भांडं एक, चवी दोन.

उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवू नका. शिजवलेल्या भातात एका जातीच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. पसरट ताटात पसरून निववा, तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफाळेपर्यंत गरम करून संपवा.

दुसरं जेवण: बटाट्याचं जाड ऑम्लेट

आदल्या रात्री उकडलेले ५०० ग्रॅम बटाटे, सहा अंडी, एक कांदा, एक सेंटीमीटरच्या फोडी. २४ सेंटीमीटरच्या तव्यात तीन चमचे तेलावर कांदा आठ मिनिटं, बटाटे तीन मिनिटं, मग फेटलेली अंडी ओतून अगदी बारीक आच आणि झाकण, बारा मिनिटं. आच मोठी असेल तर खालून करपतं आणि मध्यभाग ओला राहतो. लहान मुलासाठी मध्यभाग पूर्ण घट्ट हवा. उलटायची भीती वाटत असेल तर वर झाकण ठेवून आणखी चार मिनिटं वाफ द्या, उलटायची गरज नाही. मुलीचं काम: काकडी-दह्याची वाटी ढवळणं, नाहीतर उद्याच्या बटाट्यांची सालं हाताने काढणं. गार बटाट्याचं साल लांबच लांब निघतं, त्यात ती रमते. तिला लगदा करायला द्यायचा असेल तर बटाटा हातानेच दाबू द्या. मिक्सरमध्ये घातला तर त्यातला स्टार्च फुटून डिंकासारखा लगदा होतो.

पानावर बसल्यावर

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी इथे जशीच्या तशी लागू केली: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलीने. हे ऐकायला सोपं, वागायला सगळ्यांत अवघड, विशेषतः आजींना.

वाढताना दोन-तीन मोठे चमचेच वाढायचे. वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा, हे सुरुवातीचं माप बरं पडतं. भरलेलं ताट पाहून मूल आधीच माघार घेतं. हवं असेल तर ते मागतंच. पानात एक तरी गोष्ट तिच्या ओळखीची, म्हणजे काकडी किंवा साधा भात. नवी गोष्ट शेजारी, एक चमचा, न बोलता. ‘तू धुतलेला पालक आहे ना, खाऊन बघ’ हेसुद्धा बोलायचं नाही, तोही आग्रहच. पानावर वीस-पंचवीस मिनिटं. ती उठली की ताट उचलायचं, चेहरा न पाडता.

रात्रीचं दूध बंद केलं नाही, पण त्याचा जेवणाशी असलेला सौदा तोडला. साडेआठला १२० मिली, मग दात घासणं. जेवली तरी तेवढंच, नाही जेवली तरी तेवढंच. पहिले काही दिवस मुलीने हे तपासून पाहिलं: जेवली नाही, मग दूध अजून मागितलं, रडली. इथे घरातल्या तिघांनी एकच उत्तर देणं सगळ्यांत महत्त्वाचं. बाबांनी एका रात्री दुसरा पेला दिला आणि रडण्याचे आणखी तीन दिवस वाढले.

काय बदललं, काय नाही

जेवण सात-सव्वासातला स्थिरावलं. फोन आपोआप सुटला, कारण सव्वासहा ते सात या वेळात मुलीला जागा, काम आणि खाऊ तिन्ही मिळत होतं. भात आणि ऑम्लेट ती खाऊ लागली. पालक मात्र अजून बाजूला काढते. धुते आवडीने, खात नाही. यात काही विपरीत नाही, हाताळणं आणि चाखणं यांत बराच काळ जातो. तिचं वजन आणि उंची वयाप्रमाणे वाढत आहे, तोवर एखाद्या भाजीसाठी झुंज घेण्यात अर्थ नाही. वाढ थांबली असती, घास घशात अडकत असता किंवा मोजकेच चार-पाच पदार्थ सोडून काहीच चालत नसतं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं होतं.

काही संध्याकाळी तिला कामच नको असतं. तेव्हा वाटी घेऊन ती नुसती बसते. काम हा जेवणाचा मोबदला नाही, त्यामुळे त्यावर चर्चाही नाही.

आणि दोघांनाही घरी यायला सात वाजले तर? त्यासाठी एक ठरलेलं जेवण: पाणी चढवून अंडी अकरा मिनिटं उकडायची, तोवर पाव शेकायचा, काकडी चिरायची, दह्याच्या वाट्या मांडायच्या. अंडी त्या दिवशी मोठ्यांनी सोलायची.